प्रोग्रॅमिंग शिकायचंय, पण कशातून?

बीसीएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "प्रोग्रॅमिंगचा पाया पक्का करायचाय. काय वाचू? काय बघू?" मुलगी तासगावजवळच्या एका गावातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. हातात फोन आहे, लॅपटॉप अजून नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोनदा मशीन मिळतं. असा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा पंधरा पुस्तकांची आणि शंभर व्हिडिओंची यादी मिळते, आणि मग त्यातलं कुठलं निवडायचं याच घोळात पहिलं सत्र निघून जातं. मी नोकरीभर बँकेच्या संगणक विभागात कोबॉल लिहिलं. नव्यानं शिकणाऱ्यांशी माझा संबंध कमी आला. म्हणून हा प्रश्न मी घरातल्या दोघांपुढे ठेवला. माझी धाकटी बहीण तंत्रनिकेतनात प्रोग्रॅमिंग शिकवून निवृत्त झाली आहे. माझा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि बरंचसं पडद्यावर बघून, स्वतः करत करत शिकला आहे. दोघांचं या विषयावर एकमत नाही हे माहीत होतं, म्हणूनच दोघांना विचारलं. इथे त्यांना मावशी आणि भाचा एवढंच म्हणते.

मावशी : तिला एक पुस्तक द्या, एक वही द्या, पेन्सिल द्या. लॅपटॉप नाही ही पहिल्या दोन महिन्यांत अडचणच नाही.

भाचा : मावशी, पेन्सिलीनं प्रोग्रॅम चालत नाही गं. तिला पहिल्याच दिवशी काहीतरी चाललेलं दिसायला हवं. नाहीतर पंधरा दिवसांत कंटाळेल आणि "हे आपल्याला जमणारं नाही" म्हणून सोडून देईल. अशी सोडून दिलेली किती मुलं मी बघितलीत!

मावशी : पेन्सिलीनं चालतो. त्यालाच आम्ही ड्राय रन म्हणतो. प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना पाडायचा, एकेक ओळ वाचायची, जुनी किंमत खोडून नवी लिहायची. साधी अदलाबदल घे. 'अ' मध्ये ५ आहे, 'ब' मध्ये ९. मुलं पटकन लिहितात, अ = ब, ब = अ. मी म्हणायची, आता रकाने भर. पहिल्या ओळीनंतर अ झाला ९. दुसऱ्या ओळीत ब ला अ ची किंमत द्यायची, म्हणजे पुन्हा ९. पाच गेला कुठे? तिथे मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ना, तो शिकल्याचा क्षण. गणितात बरोबरचं चिन्ह दोन बाजू सारख्या आहेत असं सांगतं. इथे ते हुकूम देतं. जे पुस्तक या जागी थांबत नाही, ते पहिलं पुस्तक म्हणून कुणाच्या हातात देऊ नये. ड्रोमी यांचं 'हाऊ टू सॉल्व्ह इट बाय कम्प्युटर' १९८२ चं आहे. त्यातल्या मूलभूत अल्गोरिदमांची सुरुवातच या अदलाबदलीपासून होते.

भाचा : अगदी हेच पायथन ट्यूटर करतं. फिलिप ग्वो यांनी २०१० मध्ये ते फुकट खुलं केलं. तुझा प्रोग्रॅम त्यात टाक, 'पुढे' दाबत जा. प्रत्येक ओळीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते चौकटींत दिसतं. नाव पायथनचं असलं तरी सी, सी प्लस प्लस, जावा, सगळं चालतं. फोनच्या ब्राउझरवरही उघडतं. तुझे रकाने कसे आपोआप भरतात बघ.

मावशी : तोच तर धोका. रकाने तिनं भरायचे. आधी वहीत लिहायचं, मग तुझ्या पडद्यावर ताडून बघायचं. क्रम उलटा झाला तर ती नुसती बघत राहील आणि बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं.

यावर मुलगा काही बोलला नाही. या एका मुद्द्यावर मला बहीण पूर्ण पटली. चालवण्याआधी उत्तर काय येईल ते सांगता आलं पाहिजे, चुकलं तरी चालेल. मी स्वतः ज्या काळात शिकले त्या काळात मशीनची पाळी मिळवावी लागायची, म्हणून आम्हाला ही सवय आपसूक लागली. आज ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

भाचा : पण तुमच्या पुस्तकी पद्धतीनं शिकलेल्यांचं पुढे काय होतं? दोन वर्षं प्रोग्रॅमिंग शिकून आलेली मुलं मुलाखतीला येतात. फॉर लूपची व्याख्या येते, प्रकार येतात. एखादा छोटा प्रश्न समोर ठेवला की कागद कोरा.

मावशी : ते माझ्याही डोळ्यांसमोर झालंय, आणि फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहायला दिले. प्रोग्रॅमिंगचे पहिले अभ्यासक्रम झालेली मुलं होती ती. ११० पैकी सरासरी गुण २३ च्या आत.

भाचा : मग हा माझ्या बाजूचा पुरावा झाला! त्यांच्याकडे पुस्तकं होती, शिक्षक होते, परीक्षा होत्या.

मावशी : भाषेचे नियम होते, प्रश्न फोडायचं शिक्षण नव्हतं. येलमधल्या इलियट सोलोवेंनी १९८० च्या दशकात एक प्रश्न मुलांना घातला. तो अजून शिक्षकांमध्ये पावसाचा प्रश्न म्हणून ओळखला जातो. रोजच्या पावसाचे आकडे एकेक करून वाचायचे, ९९९९९ आला की थांबायचं आणि सरासरी सांगायची. एवढंच. पण काय काय चुकतं बघ. शेवटचा ९९९९९ कुणी बेरजेत धरतं. कुणी ऋण आकडा आला तरी तसाच घेतं. आणि पहिलाच आकडा ९९९९९ आला तर? दिवस शून्य, शून्यानं भागाकार, प्रोग्रॅम कोसळला. यातली एकही अडचण भाषेची नाही. म्हणून मी कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी लूपचं प्रकरण उघडते. एक ते दहा आकडे छापून लेखक पुढे गेला, की आकडे कधी संपतील हे माहीत नसताना काय करायचं तेही सांगितलं? एकही आकडा आला नाही तर काय होईल हे विचारलं? यावर पुस्तक ठरतं.

भाचा : ही कसोटी चांगली आहे. व्हिडिओलाही लागू पडते. आता माझी कसोटी ऐक. शिकवणारा चुकतो का? म्हणजे पडद्यावर चुकीचा प्रोग्रॅम लिहून, तो चालवून, त्रुटीचा संदेश वाचून दाखवतो का? बहुतेक व्हिडिओंत सगळं पहिल्या फटक्यात चालतं, कारण मधलं कापलेलं असतं. शिकणाऱ्याला वाटतं, माझंच चुकतंय. माझ्या कामाचा अर्धा वेळ त्रुटी शोधण्यात जातो आणि पायाच्या पुस्तकांत त्यावर एक पान नसतं. आणि हे कागदावर शिकता येत नाही, मावशी. अर्धविराम विसरल्यावर कंपायलर पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो, हे मशीनपुढे बसल्याशिवाय कळत नाही.

मावशी : कबूल. हे मला लॅबमध्येच शिकवावं लागलं.

मग भाषेवर गाडी आली. पायथन की सी, यावर ही दोघं एकदा दिवाळीच्या फराळालाही भांडली आहेत.

भाचा : पायथन द्या तिला. मध्ये येणारे सोपस्कार कमी आहेत. पहिल्याच तासात लक्ष प्रश्नावर राहतं.

मावशी : आणि यंत्राचा पत्ता लागत नाही. फॅक्टोरियल घे. जुन्या टर्बो सी मध्ये पूर्णांकाला दोन बाइट. सातचं फॅक्टोरियल ५०४० बरोबर यायचं. आठचं यायला हवं ४०३२०, पण पडद्यावर यायचं उणे २५२१६. मुलं दचकायची. धन संख्यांचा गुणाकार ऋण कसा? कारण त्या जागेत ३२७६७ च्या पुढे आकडा मावत नाही. त्या एका उणे चिन्हातून मी बायनरी, मेमरी, डेटा टाइप सगळं शिकवायची.

भाचा : आताच्या सी मध्ये चार बाइट आहेत. १२ पर्यंत नीट येतं. १३ चं फॅक्टोरियल ६२२७०२०८०० यायला हवं आणि सहसा दिसतं १९३२०५३५०४. धन आहे, मोठं आहे, खरं वाटतं. कुणी दचकतच नाही! हे जास्त वाईट. पायथनमध्ये उत्तर बरोबर येतं, कारण आकडा वाढला की तो जागा वाढवून घेतो.

मावशी : बरोबर येतं म्हणूनच प्रश्न पडत नाही.

भाचा : प्रश्न पडायला पहिल्या महिन्यात दुसरे भरपूर आहेत. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा एनपीटीईएलवर पायथनचा अभ्यासक्रम आहे. पहिल्या आठवड्यात ते भाषेच्या नियमांची यादी वाचत बसत नाहीत, मसावि काढायला घेतात. दोन्ही संख्यांचे सगळे विभाजक लिहा, सामाईक शोधा, त्यातला मोठा घ्या. चाललं. मग विचारतात, सगळी यादी साठवायची गरज आहे का? शेवटचा सामाईक तेवढा लक्षात ठेवला तर? मग, मोठ्याकडून लहानाकडे मोजत आलो तर? मग युक्लिड. एकाच प्रश्नाची इतकी उत्तरं, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा चांगलं का, ते सांगितलेलं. आठ अंकी दोन संख्यांचे विभाजक तपासत बसलं तर कोट्यवधी पायऱ्या होऊ शकतात. युक्लिडच्या भागाकारानं ४० च्या वर जात नाहीत. आणि मसावि तर मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला येतो.

हे ऐकताना माझ्या बहिणीनं वही ओढून ४८ आणि १८ चा मसावि युक्लिडच्या रीतीनं मांडायला घेतला. ४८ ला १८ नं भागून बाकी १२, १८ ला १२ नं भागून बाकी ६, १२ ला ६ नं भागून बाकी शून्य. उत्तर ६. तिला तो धडा आवडल्याची ही खूण. पायाचं शिक्षण म्हणतात ते हेच, असं माझंही मत आहे. पहिलं उत्तर चाललं म्हणून थांबायचं नाही, आणि दुसरं जास्त चांगलं का हे बोलून दाखवता आलं पाहिजे. या मापानं मोजलं तर भाषा कुठली हा प्रश्न मागे पडतो.

मावशी : मुकुंदांचं शिकवणं उत्तम आहे, पण तिच्या पहिल्या सत्रात सी आहे. माझं मत आयआयटी मुंबईच्या अभिराम रानडे सरांच्या पुस्तकाला. सी प्लस प्लसमधून प्रोग्रॅमिंगची ओळख, २०१४ ला आलं. पहिल्याच प्रकरणात पडद्यावर एक कासव चालतं. शंभर पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असं चारदा केलं की चौरस. मग तीच गोष्ट चारदा लिहिण्यापेक्षा 'हे चारदा कर' म्हणता येतं. मग कोन बदलून षटकोन कसा, ते मूल स्वतःच शोधतं. कासवाची कल्पना सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांच्या १९६७ च्या लोगो भाषेतली. तुला पहिल्या दिवशी काहीतरी चाललेलं हवं होतं ना? घे. आणि पुढची उदाहरणं गणित-विज्ञानातली, भरपूर आणि चढत्या क्रमानं.

भाचा : पण कासवासाठी सिंपलसीपीपी नावाचं पॅकेज मशीनवर बसवावं लागतं. गावाकडच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ते बसवणार कोण?

मावशी : फुकट मिळतं. लॅब असिस्टंटला विनंती करायची. नाहीच झालं तर चौरस आलेखाच्या कागदावर काढायचा आणि पुढच्या प्रकरणाला लागायचं.

भाचा : इंग्रजीचं काय? ती मराठी माध्यमातली आहे.

मावशी : नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी वाचलं, ते त्यातल्या सोप्या इंग्रजीमुळे. संवादासारखं लिहिलेलं वाक्य मूल वाचतं. शिवाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसचे धडे मराठी आवाजात आहेत. साधारण दहा-दहा मिनिटांचे. एका बाजूला बघायचं, थांबवायचं, दुसऱ्या बाजूला करायचं. लिनक्सवर प्रोग्रॅम लिहायचा कसा, कंपाइल कसा करायचा, हे आपल्या भाषेत ऐकलं की भीती जाते.

भाचा : भीती जाते, पण पावसाचा प्रश्न त्यातून सुटणार नाही. पायऱ्या कळतात. प्रश्न फोडण्यावर मराठीत सलग, भक्कम असं काही मला तरी सापडलं नाही.

मावशी : मलाही नाही. मी स्वतः वीस-पंचवीस प्रश्नांची एक वही मराठीत लिहून काढायला हवी, हे आता मनावर घेतलंय.

मोठी नावं दोघांनीही बाजूला ठेवली, हे सांगायला हवं. कर्निहान आणि रिची यांचं सी चं पुस्तक १९७८ चं, दुसरी आवृत्ती १९८८ ची. जगातला अर्धा प्रोग्रॅमर वर्ग ते पहिलं पुस्तक म्हणून सुचवतो. पण लेखकांनी प्रस्तावनेतच स्पष्ट केलंय की हे नवशिक्यांचं पुस्तक नाही, व्हेरिएबल, लूप, फंक्शन यांची ओळख आधीच असायला हवी. ते दुसऱ्या वर्षी वाचावं, आणि जरूर वाचावं. एबलसन आणि ससमन यांचं एमआयटीतलं गाजलेलं पुस्तक त्याहून अवघड. त्याऐवजी मोफत वाचता येणारं 'हाऊ टू डिझाइन प्रोग्रॅम्स' माझ्या मुलाला जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात फंक्शनचं पोट लिहिण्याआधी त्याचं काम एका वाक्यात आणि दोन-तीन उदाहरणं लिहायला लावतात. चॅटजीपीटीसारख्या मदतनिसांबद्दल दोघांचं एकमत लवकर झालं. प्रोग्रॅम लिहून मागू नये. स्वतः लिहिलेला का चालत नाही ते विचारावं, आणि आलेलं उत्तर वहीत तपासावं.

मग मुलीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आमच्या नोट्समध्ये 'आय++ + ++आय' चं उत्तर काय, असे प्रश्न आहेत. परीक्षेला तेच येतात. ते कुठे वाचू?"

भाचा : हा प्रश्नच चुकीचा आहे! सी च्या प्रमाणात अशा राशीचं उत्तर ठरवलेलंच नाही. एकाच राशीत एकाच व्हेरिएबलला दोनदा, क्रम न ठरवता बदललंस की कंपायलर काहीही करू शकतो. एका मशीनवर आलेला आकडा छापून 'उत्तर' म्हणायचं हे चूक आहे. कामावर कुणी अशी ओळ लिहिली तर ती परत पाठवली जाते.

मावशी : 'व्हॉइड मेन' तसंच, 'गेट्स' तसंच. गेट्स हे फंक्शन किती अक्षरं येतील ते बघतच नाही. १९८८ च्या मॉरिस वर्मनं इंटरनेटवरची हजारो मशीन आडवी केली. आत शिरायला त्यानं वापरलेल्या वाटांपैकी एक हीच. सी च्या २०११ च्या प्रमाणातून ते काढून टाकलं. तरी आजही मुलांच्या नोट्समध्ये असतं.

भाचा : ही झाली तिसरी कसोटी. पुस्तक उघड आणि गेट्स शोध. सावध न करता वापरलं असेल तर पुस्तक मिटून ठेव.

मुलीला मी एवढं सांगितलं, की रानडे सरांचं पुस्तक ग्रंथालयातून घे आणि तेवढं एकच शेवटपर्यंत कर, प्रत्येक प्रकरणातली निम्मी तरी उदाहरणं आधी वहीत, मग पायथन ट्यूटरवर. मुकुंदांचा मसाविचा धडा एकदा बघ. अडलीस तर मावशीला फोन कर. नोट्समधले ते प्रश्न परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ कर आणि पेपर झाला की विसरून जा.

शेवटचं वाक्य बोलताना मला वाईट वाटलं. चांगली पुस्तकं आहेत, मोफत व्याख्यानं आहेत, मराठी आवाजातले धडे आहेत. तरी मूल नोट्सकडे वळतं, कारण गुण तिथे आहेत. पहिल्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकांना म्हणून माझी कळकळीची विनंती आहे : येत्या सत्रात असा एक प्रश्न काढून टाका आणि त्या जागी पावसाचा प्रश्न घाला. पूर्ण प्रोग्रॅम नको असेल तर दहा ओळींचा लूप द्या, शेजारी मोकळे रकाने द्या आणि ते भरायला सांगा. त्याला गुण द्या.